किमान चार

अ‍ॅम्पच्या पाठीवर, जिथं प्रेक्षकांची नजर जात नाही,
पांढऱ्या अक्षरांत छापलंय: किमान चार ओहम.
बाकीची छपाई टेम्पोच्या दोरखंडानं खरवडून नेली.
चार शाबूत.

बेनेडिक्ट पिंटो कॅम्पातलं घर रिकामं करून
मुलीकडे निघालेला, पर्थला.
त्याचा कॅबिनेट जिन्याखाली, चादर पांघरून,
वर इस्त्रीचे कपडे.
"घेऊन जा रे. पाचशे लग्नं वाजवलीत यानं.
खालच्या सुराला जरा खडखडतो, म्हातारा आहे.
पैसे दे वाटतील तेवढे."
मी दिले, आणि कमी दिले असं वाटलं म्हणून
त्याला स्कूटरवरून क्वार्टर गेटपर्यंत सोडलं.

तापकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
कुदळे मीटर लावतात.
आकडा थरथरतो, बसतो: तीन पॉइंट तीन.
"चारचा आहे."
पण मीटर तर म्हणतंय...
"मीटर झोपलेल्याला मोजतं. वाजायला लागला की चार.
घरचा किती?"
आठ.
ते पावतीपुस्तकाच्या मागं मांडतात,
आठ गुणिले चार, भागिले बारा,
दोन पॉइंट सहा सहा सहा सहा,
पेन्सिल हातानं थांबवावी लागते.

"तुम्हाला वाटतं, डबा वाढला, ओझं वाढलं, म्हणजे रोधही वाढला.
उलट. दुसरी वाट मिळाली की प्रवाह दुप्पट धावतो.
आणि अ‍ॅम्पला नाही म्हणता येत नाही.
मागतील तेवढं देत सुटतो,
तिसऱ्या गाण्याला वास येतो."

तो वास मला माहीत आहे.
मंचरचं गॅदरिंग, दोन वर्षांपूर्वी:
जळक्या वार्निशचा, गोडसर.
लोकांना वाटलं धुराचं मशीन आहे,
टाळ्या पडल्या.

मला माझी थोरली बहीण आठवली.
सासर, माहेर, सोसायटी, भिशी,
जो येईल त्याला हो, आणि गेल्या मे महिन्यात
ससूनमध्ये अकरा दिवस.
मी कुदळेंना तसं म्हणालोही.
त्यांनी चष्मा वर केला.
"मनाला नका लावू. वायरीला लावा."

मग उपाय: डबा तोच ठेवायचा, आतला स्पीकर बदलायचा.
आठ आणि आठ, शेजारी शेजारी, झाले चार.
बरोब्बर काठावर, एक ओहमही खाली नाही.
सोळा स्क्रू. त्यातले दोन गंजून एकजीव झालेले.
झाकण निघालं तसं कुदळेंनी डबा तिरका केला
आणि आतून सांडल्या
अक्षता.
ओंजळभर. कुंकवाचा रंग उडून
फिक्या वीटकरी झालेल्या, काही किड्यांनी पोखरलेल्या.
पुढच्या गोल भोकातून
पाचशे मुहूर्तांना आत गेलेल्या.
"हा तुमचा खडखडाट," कुदळे म्हणाले,
आणि कागदाच्या पुडीत बांधून
बिलाबरोबर दिल्या.

दापोडीत आमची खोली काटेबाईंच्या गिरणीवर.
अ‍ॅम्प चालू केला की घुमणारा विजेचा सूर
तिसऱ्या पडद्यावरच्या जी-पेक्षा केसभर चढा,
त्याची सवय झालीय, त्याला धरूनच आम्ही लावतो.
दोन्ही डबे जोडले. हात अ‍ॅम्पच्या पाठीवर ठेवून
अर्धा तास वाजवलं.
कोमट. ताप उतरलेल्या पोराच्या कपाळाइतकं.

बेनेडिक्टला फोन लावला, पर्थला रात्र होती.
जाडी तार मोकळी सोडली, पूर्ण आवाजात.
"ऐकू येतंय?"
"काही नाही रे."
फोनच्या चिमुकल्या स्पीकरला
एवढं खालचं पेलत नाही.
"खडखडतो का अजून?"
नाही म्हणालो. पुडीचं सांगायचं राहून गेलं.

तेवढ्यात जिन्यात काटेबाई,
भुवयांपर्यंत पांढऱ्या:
"काय वाजवताय काय?
माळ्यावरचं सगळं पीठ खाली आलं!"
ते मात्र
बेनेडिक्टला स्वच्छ ऐकू गेलं.