डँपर

होटगीकडच्या मुरमात, पंचाऐंशीवर,
हँडल 'नाही, नाही' करत सुटलं
ते थांबेचना.

मल्लेशमनं दोन काढून ठेवले.
एक नळीचा, एक वाटीसारखा गोल.
"पडलास तर नळी आधी वाकतीय बे."
तीस वर्षं लूमवर काढलेला माणूस;
हातात कपबशी वाजते,
पाना धरला की गप्प.

गोल बसवला. बावीस क्लिक.
मी म्हटलं, पार आवळा.
त्यानं उलटं फिरवलं. नवावर थांबला.
"धोटा कुठं अडकतोय
ते आधी हाताला कळायचं.
सगळंच मुकं केलंस
तर खडी सांगणार कुणाला?"

परत तोच मुरूम.
हँडल नाही म्हणालं,
एकदाच, हळू.
मी गिअर उतरवला.