गोठल्याची नोंद

रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी
तिसऱ्या खणातलं कार्ड गेलं.
गेलं म्हणजे गप्प झालं असं नाही.
काहीही विचारा, उत्तर एकच:
एक, एक, एक, बत्तीस वेळा एक.
तापमान किती? सगळे एक.
रांगेत पाकिटं किती? सगळे एक.
आहेस का तू?
सगळे एक.

मेलेलं यंत्र नाही म्हणत नाही,
होयबा होतं.
हे उमजायला मला नोकरीची सहा वर्षं लागली.

कर्नल रीतीला धरून वागला.
आधी वहीत लिहिलं: गोठलेलं.
मग ड्रायव्हरला हाक दिली, हात काढ,
कुणी वाचू नका, कुणी लिहू नका,
खोळंबलेल्यांना सांगा, जरा दमानं.
मग खणाला झटका दिला,
शंभर मिलिसेकंद श्वास धरला,
आणि कार्ड उठून बसलं.
स्वतःचा नंबर सांगितला, बनवणाऱ्याचा सांगितला,
बाकी सगळं विसरलेलं, पण शुद्धीवर.
दिवा हिरवा.

तरी कुणी त्याच्याशी बोलेना.

पहाटेपर्यंत नोंदी चाळल्या.
वहीत आता लिहिलेलं: ठीक.
कार्ड ठीक, वही ठीक, ड्रायव्हर ठीक,
आणि तिघांच्या मध्ये एक शांतता
जिच्यावर कुणाचीच सही नव्हती.

साडेसातला घरी निघाले.
ओउलू मागे पडलं. उणे एकोणतीस.
बेटावर जायला बोट लागते उन्हाळ्यात;
फेब्रुवारीत समुद्रावरूनच गाडी नेतो आम्ही.
पण फाटक आडवं, पाटी लाल: रस्ता बंद.
मागच्या आठवड्यात भेग पडली होती तेव्हापासूनची.

पाटीपलीकडे उन्तो कार्पिनेन गुडघ्यांवर बसून
बर्फात भोक पाडत होता.
मोजपट्टी आत सोडली, आकडीने तळाशी अडकवली, वाचली.
"त्रेचाळीस," म्हणाला, मला नाही, वहीला.
मी काच खाली केली. "मग जाऊ?"
"थांब."
मिशीवर बर्फ, चालीत कसलीही घाई नाही.
पाटीपाशी गेला, तिची हिरवी बाजू पुढे केली,
मग फाटक उचललं,
मग मला हात केला.

"हात आधी केला असतास तरी चाललं असतं," मी म्हटलं.
"गेल्या वर्षी पोऱ्याने तेच केलं.
हात केला, पाटी लाल.
दुधाचा टँकर आला, पाटी वाचली, वळून गेला.
पोऱ्याने मग पाटी फिरवली म्हणे.
वरातीमागून घोडं.
टँकर काय परत विचारायला येतो?"

गाडी मी तिथेच बंद केली.

आमच्याकडे गोठलं म्हणजे रस्ता बंद,
उन्तोकडे गोठलं म्हणजे खुला,
पण टँकर दोन्हीकडे तोच.
ड्रायव्हरला आम्ही आधी म्हणत होतो, चल, सुरू कर,
आणि वहीत ठीक लिहीत होतो त्यानंतर.
तो बिचारा शहाणा, निघण्याआधी वही बघायचा,
गोठलेलं वाचायचा, आणि मुकाट परत फिरायचा.
पुढच्याच क्षणी वही दुरुस्त.
पण तो क्षण कुणी त्याला कळवत नव्हतं.

मांडीवर लॅपटॉप, एका हाताचा मोजा काढलेला.
एक ओळ उचलली, तीन ओळी वर ठेवली.
नवीन अक्षर एकही नाही.

दुपारी बॉब्लिंगेनहून रुप्रेख्टचं उत्तर आलं, नेहमीसारखं कोरडं:
ठीक लिहून झालं आणि हाक द्यायच्या आत
कार्ड पुन्हा गेलं तर?

वहीत तिसरी एक नोंद असते, कायमचं गेलेलं.
तिथून परतीची वाट
कुणी लिहिलेलीच नाही, मुद्दामच.
पण गेलंय हे कळायच्या आधीचा तो बारीकसा वेळ,
त्याला काय म्हणायचं, मला अजून सुचलेलं नाही.

सकाळी बर्फावरून जाताना
चाकांखाली लांबवर काहीतरी टणत्कारलं.
आरशात उन्तो लहान होत गेला.
त्याने निघताना सांगितलं होतं,
वाजतो तोवर घाबरू नकोस.
मी काच उघडीच ठेवली.