डाग

शाहूपुरीत मुल्लाणींच्या काउंटरवर
शंभर रेझिस्टर मागितले, सगळे दहा के.
"एवढे? फॅक्टरी काढतीस काय पोरी?"
म्हटलं, जोडी लावायची आहे.
हुपरीच्या एस्टीत पुडी मांडीवर धरून बसले,
आत तांदूळ असल्यासारखी ती वाजत होती.

जोडी लावणं आमच्या घरात नवं नाही.
पैंजणाचे दोन पाय तराजूत समोरासमोर,
आणि आप्पा श्वास धरून.
गुंजभर फरक निघाला
तर एक घुंगरू उतरवायचं, दुसरं चढवायचं,
पुन्हा श्वास.
त्या रात्री मल्टिमीटर घेऊन मी तेच केलं.
शंभरातून जुळले चार.
उरलेल्या शहाण्णवांकडं बघून आई म्हणाली,
"हे वाया गेलं का?"

इलेक्ट्रोडला चांदी लागते, ती तर घरातच.
पत्र्याच्या कातरणातून तीन टिकल्या पाडल्या,
धुण्याच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवल्या,
सकाळी निघाल्या काळपट, जांभळ्या.
आप्पा नुसते बघत राहिले.
"सारा जन्म रिठ्यानं घासण्यात गेला माझा,
आन तू मुद्दाम काळी केलीस?"
लखलखीत चांदीला अंगातलं नीट ऐकू येत नाही, आप्पा.
तिच्यावर आधी डाग पडावा लागतो.
"डाग," म्हणाले, आणि हसले.
आमच्यात सांधा जोडतात तो डाग,
अंगावर घालतात तोही डाग,
आणि पोरीला आता तिसराच सापडला.

दोन वर्षं झाली, उजव्या हातात चिमटा ठरत नाही.
घुंगराची कडी एकीकडं, आच दुसरीकडं.
कारागीर बोलत नाहीत,
गपचूप पुन्हा करून ठेवतात.
लग्नाकार्यात आप्पांचा हात खिशात असतो.

दोन टिकल्या मनगटामागच्या मांसल भागावर चिकटवल्या,
तिसरी कोपराच्या हाडावर.
"ही कशाला?"
ती नुसती साक्षीला.
त्या दोघींत जे सारखं असेल ते सर्किट टाकून देतं,
फरक तेवढा उचलतं, हजारपट करून दाखवतं.
आप्पांनी क्षणभर विचार केला.
"म्हणजे आमच्या धंद्याच्या उलटं."

नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडल्या.
स्पीकरमधून आला नुसता भुंगा.
घोंऽऽऽ, तासभर.
वायरींना पीळ घातला, लॅपटॉपचा चार्जर काढला,
तरी फ्रिज, ट्यूब, पॉलिशची मोटर,
शेजारच्या चौगुल्यांचं बोअरचं मशीन,
सगळा मोहल्ला आप्पांच्या अंगातून बोलत होता.
माणूस म्हणजे उभी एरियल, पुस्तकात वाचलं होतं.
माझ्याच बापाची होईल, हे लिहिलं नव्हतं.

आईनं कुणाला विचारलं नाही.
मालिका अर्धवट सोडून उठली,
आणि मेन स्विच खाली ओढला.
"बघून घ्या एकदाचं."

अंधार. पडद्यावर एक सपाट रेघ.
मी म्हटलं, चिमटा धरल्यासारखी बोटं करा.
त्यांनी केली.
खर्र. खर्र. खर्र. खर्र.
एका मापानं, एका अंतरानं,
रेघेवर झुपके उठत आणि विरत होते.
मोजले. सेकंदाला सहा.
सहाचा अर्थ काय काय होऊ शकतो
ते मला थोडं माहीत आहे, पुरतं नाही.
सोमवारी कोल्हापूरला डॉक्टरांना दाखवायचं,
एवढंच ठरवलं, तेही मनात.

"कोण चाललंय गं पैंजण घालून?"
स्वयंपाकघराच्या दारातून आई.

आप्पा स्वतःच्या हाताकडं बघत होते,
गिऱ्हाइकानं आणलेला दुसऱ्याचा डाग बघावा तसे.
"वजन किती भरलं?"
मिलिव्होल्टसुद्धा नाही पुरतं.
"मग हलकंच की," म्हणाले,
"एवढ्याशासाठी सगळं गाव बंद करावं लागलं?"

"फ्रिजातलं दूध नासंल," आई म्हणाली. "लावू का मेन?"
आप्पांनी डावा हात वर केला, थांब म्हणून.
उजवा होता तसाच पुढं धरलेला,
आणि ती चाल
अंधारात, घरातल्या घरात,
चालूच.