चार अंश

मुरघासाच्या पिशवीला घुशीनं भोक पाडलं होतं,
रुपयाएवढं.
आतला मका काळपट, हाताला चिकट.
चांगल्या मुरघासाला मुरलेल्या चिंचेचा वास असतो,
याला ओल्या पोत्याचा.
मीच म्हणालो, गाईला नको,
शेळ्यांना घाला. शेळी काय, काहीही पचवते.
पशुधन पर्यवेक्षक, नोकरी वीस वर्षं.
माझं हे वाक्य कुठल्याच रजिस्टरात नाही.

बाराव्या दिवशी संगमनेरी शेळी डावीकडे वळली
आणि वळतच राहिली.
डावा कान लोंबलेला, ओठ एका बाजूनं सुटलेला,
घास गालात तसाच, गिळायचा विसरलेला.
दावं तर सोडलेलं होतं;
कुठल्या न दिसणाऱ्या खुंट्याभोवती
ती फिरत होती.
रंभाबाई बोरस्ते म्हणाल्या, नजर लागली.
मीठमिरच्या उतरून चुलीत टाकल्या.
ठसका सगळ्यांना लागला.
म्हणजे नजर नव्हती.

तिचं डोकं बर्फाच्या डब्यात घालून
मी मोटारसायकलवर निघालो, उगावहून नाशिकला.
चांदोरीपाशी धुकं.
मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांत
रात्रभर पेटवलेल्या शेकोट्या,
कुंदेवाडीचा पारा चारवर.
मला काळजी एकच :
बर्फ पुरेल ना.

प्रयोगशाळेतली पोरगी म्हणाली,
बर्फाचं टेन्शन घेऊ नका काका,
हिला थंडी मानवते.
आम्हीच तिला फ्रीजमध्ये वाढवतो, चार अंशांवर;
बाकीचे जंतू गारठून बसतात, ही पाय पसरते.
नाव सांगितलं : लिस्टेरिया.
एखाद्या नर्सचं असावं तसं.
मग मान वर न करता विचारलं,
दूध कोण पितं त्या घरात?

प्रांजल पीत होती. सातवा महिना.
धारोष्ण, सासूच्या हातचं, पितळी पेल्यात,
कारण शेळीचं दूध पोटातल्या बाळाला बळ देतं.
उरलेलं संध्याकाळसाठी
झाकून, फ्रीजमध्ये, अगदी नीट.
दोन दिवस कणकण होती म्हणे अंगात.
थंडीच तेवढी पडलीय, म्हणाले सगळे.
मीही म्हणालो असेन.

डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीची
घडीसुद्धा मोडली नव्हती.
याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पिशव्या खड्ड्यात गेल्या, वर चुना.
मी दारोदार सांगत फिरतो, उकळा,
दूध उकळा, हात धुवा, मेलेली करडं
उघड्या हातानं उचलू नका.
पोरं मला उकळीभाऊ म्हणतात.
म्हणोत.
शेळीनं अंगणात पाडलेली गोल वाट
रंभाबाईंनी दोनदा सारवली.
ऊन कललं की पुन्हा दिसते.

काल लसीकरणाला गेलो होतो.
प्रांजल गॅसपाशी उभी, दूध चढत होतं.
मी उंबऱ्याशीच थांबलो.
साय फुगली, काठापर्यंत आली, काठावरून उतरली,
ओट्यावर चुरचुरली.
याच घरात वास्तुशांतीला
मुद्दाम ऊतू घालवलं होतं दूध,
पेढे मीही खाल्ले होते.
रंभाबाई आतून ओरडल्या, अगं, गेलं गं दूध!
तिनं गॅस बारीक केला, बंद नाही केला.
जाऊ द्या, म्हणाली,
अजून एक उकळी येऊ दे.