मधला मजला

सकाळी साडेआठची नोंद.
वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ, कचेरीच्या गच्चीत,
मी डावा हात पुरता लांबवतो
आणि एका ढगाला अंगठा लावतो.
करंगळीआड लपला असता, तर फार वरचा, बर्फाचा.
मूठही पुरली नसती, तर खालचा, माडांच्या ओळखीचा.
हा अंगठ्याहून थोडा मोठा,
दोन बोटं, फार तर तीन.
म्हणजे मधल्या मजल्यावरचा.
(क्षितिजाजवळच्यांना हे माप लावू नये.
तिथे सगळेच लहान दिसतात,
माणसंसुद्धा.)

वहीत फक्त आकडा जातो: आठातले पाच.
ते पाच रात्रभर कसे झाले, त्याला रकाना नाही.

मला दिसतं ते असं:
दमट हवेची एक अख्खी चादर,
इथून पार लक्षद्वीपच्या बाजूपर्यंत,
कुणी झटका न देता, सावकाश उचलली गेली.
सहा किलोमीटरवर तिला आपलंच पाणी पेलवेना.
मग वरची बाजू उघड्या रात्रीला ऊब देत गार झाली,
खालची जमिनीच्या धगीवर राहिली.
गार ते जड, उतरू लागलं,
ऊन ते हलकं, वर निघालं,
मंद आचेवर पेज रटरटते तशी.
वर येईल तिथे गोळा,
खाली जाईल तिथे फट,
फटीतून निळं.

आणि ते थेंब! शून्याखाली सात अंश,
तरी पाणीच.
गोठायला धरायला एक कण लागतो म्हणे,
तो भेटलेला नसतो.
बाविसाव्या वर्षी हे वाचून मी हसलो होतो.

खाली वाळूत जवळा पसरलेला.
द्रुपदाबाय खोबरेकर मान वर करून ओरडते,
"काय ओ, उचलू काय ऱ्हवांदे?"
माझ्याकडे ढगाचं नाव आहे.
तिला नाव नको आहे.
मी म्हणतो, "बघू. दुपारपर्यंत."
ती म्हणते, "तुमी वर बगा. मी खाली बगतंय."

ती काय बघते, ते मला अकरा वाजता कळलं.
पाटी ठेवते, सरळ उभी राहते,
वाळूत पडलेली आपली सावली पायाने रेखते.
रेघ आणि सावली जुळली की पुन्हा कामाला.

बाराला पश्चिमेच्या फटी बुजू लागल्या.
समुद्रात दूर कुठेतरी दाब उतरलेला,
तिथे चढलेली हवा पसरत इकडे आली,
गोळ्यांत गोळे मिसळले,
राखाडी, किंचित निळसर, बिनसुरकुतीचा थर.
सूर्य होता,
पण न्हाणीच्या खरखरीत काचेमागे दिवा असावा तसा.
कडं नाही त्याच्याभोवती.
कडं असतं तर थर आणखी वरचा, पातळ.
मी पुस्तकातली ओळ आठवत होतो:
या ढगाखाली वस्तूंची सावली पडत नाही.
आणि खाली
द्रुपदाबाय रेघेवर उभी होती, रेघ नुसती रेघ होती,
आणि तिने पहिली पाटी भरायला घेतली.

एक वाजून पन्नास मिनिटं.
माझा फोन कोल्हापूरला लागायच्या आधी
तिचा अर्धा जवळा शेडमध्ये.

साडेपाचला आठातले आठ.
थर इतका जाड, की सूर्य कुठे आहे
हे घड्याळावरूनच सांगायचं.
मग बारीक, एकसुरी, घाई नसलेला पाऊस,
गडगडाट नाही, काही नाही.
ढग तोच, खाली वाढत आलेला;
वहीत मात्र त्याचं नाव बदलावं लागलं.

मी शेडमध्ये चहा घेऊन गेलो.
जवळ्याच्या वासात बसून तिने विचारलं,
सकाळचे ते गोळे किती उंच होते.
"सहा किलोमीटर."
तिने मनात काहीतरी मोजलं.
"म्हंजे शिरोड्यापेक्षा लागीच.
बाजाराक मी त्याच्यापेक्षा लांब जातंय."

शेऱ्याच्या रकान्यात मी पेन्सिलने लिहिलंय:
१३.५०, सावली गेली.
वरचे साहेब विचारतील, कुणाची.