अरुंद लेडी

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, मुलीचेही दिसले.
आई सांगायची, दोन लांबट चमचे होते,
कुठल्याही मोज्यातून निसटणारे.
बाबा ब्लायनाईच्या खाणीत स्लेट फोडायचे.
छिन्नी लावली की दगड वहीसारखा उघडायचा,
आणि छपरासाठी कापलेल्या मापांना बायकांची नावं:
डचेस, काउंटेस, लेडी.
ढिगाच्या कडेला, वेगळी रचलेली, अरुंद लेडी.
"ही तू," ते म्हणायचे.
मला तेव्हा तो मान वाटायचा.

एकेचाळिसाव्या वर्षी डोंगरात पळायला लागले
तेव्हा कळलं,
जगातले सगळे बूट बदकांसाठी शिवलेत.

चढावर चालून जातं.
उतारावर बूट थांबतो, पाय थांबत नाही.
तो आतल्या आत पुढे जातो,
बंद दारावर डोकं आपटावं तशी बोटं आपटतात.
माझ्या काळ्या नखांना मी महिन्यांची नावं दिली:
हे मे, हे जून,
आणि हे जे परवा मोज्यात सापडलं, ते ऑगस्ट.

बेतुसच्या दुकानातला मॅक्सेन चांगला मुलगा.
गुडघ्यावर बसून त्यानं मला नाडीचा फास शिकवला,
शेवटच्या भोकातून उलटा, टाच आवळणारा.
पायाला मुंग्या आल्या, टाच तरी वर उचललीच.
मग एका तळव्यावर दुसरा तळवा घातला,
मग जाड लोकरी मोजे, मग मोज्यांवर मोजे.
बूट भरला. पाय कुठे गेला कोण जाणे.
"हल्ली सगळ्यांना बोटं पसरायला जागा हवी असते,"
तो अपराध्यासारखा म्हणाला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, ठीक आहे,
पण माझ्या वाट्याला आख्खं मैदान आलं होतं.

पोस्टमन योलो खोकी आणायचा, खोकी न्यायचा.
पाचव्या खेपेला त्यानं नुसत्या भुवया उचलल्या.

मग बहिणीच्या गेथिनला बूट घ्यायला गेलो.
वय दहा, तोंड वाकडं.
निळ्या बुटांवर हिरवी वीज, तळाला विजेचाच ठसा:
"हे बाळांचे आहेत!" त्यानं ढकलून दिले.
ते माझ्या पायाशी येऊन थांबले.
मी सहज एक घातला.
दाराला कडी बसते ना, तो आवाज
मला टाचेत ऐकू आला.
दुकानात तीन फेऱ्या मारल्या, मग फुटपाथवर दोन,
मॅक्सेन मागे धावत आला, पैसे राहिलेत म्हणून.
लहान मुलांच्या बुटांवर कर नसतो आमच्याकडे.
गेथिन परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलला नाही.

रविवारी मोएलविनवर गेले.
खाली धुकं, धुक्यात ती छोटी गाडी,
दोन फुटांच्या रुळांवरून शिट्टी देत वळणारी.
रूळ रुंद असते
तर ती या डोंगराला कधी दिसलीच नसती.

माथ्यावर दगडाच्या आडोशाला बसून
मी मनुकांचा ब्रेड खात होते
तेव्हा मेंढ्या सोडून गिटो वर आला,
धापा टाकत, तोंड पांढरं.
"पोर कुठाय?"
"कुठलं पोर?"
"खालच्या दलदलीपासून ठसे आहेत, लहान मुलाचे.
एकटंच वर आलंय. तासभर हाका मारतोय मी!"

मी काही न बोलता पाय उचलला.
चिखलातली वीज त्यानं वाचली.
मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा बुटाकडे,
मग तो माझ्या शेजारी धप्पकन बसला
आणि उरलेला ब्रेड त्यानं न विचारता खाल्ला.
"तुझ्या बापाचे पाय चांगले रुंद होते," एवढंच म्हणाला.

उतरताना मी एकदाही ब्रेक लावला नाही.
खडी, गवत, ओली स्लेट,
बूट थांबला की पाय थांबत होता.
वळणावरून मागे पाहिलं:
गिटो उभा होता हात कमरेवर ठेवून,
आणि त्याची कुत्री, नाक चिखलात खुपसून,
अजून त्या पोराला शोधत होती.