एक्केचाळिसावी ओळ

चोडणची सातची फेरी चुकली की पुढची कधी
ते फेरीलाच ठाऊक,
म्हणून शनिवारी पणजीला गेलेच नाही.
घरी बसले, समोर कुळांच्या संघाच्या जुन्या वह्या,
भाषांतर सोमवारी द्यायचं, पानाला सत्तर रुपये,
आणि दर चौथ्या शब्दाला कोश उघडायचा कंटाळा.

त्या कंटाळ्यातूनच प्रोग्राम लिहिला. लहानसा.
आपण शब्द द्यायचा,
तो लांब कुठल्याशा सर्व्हरकडे जातो
आणि अर्थ घेऊन परत येतो.
पहिल्या पाच ओळी भाच्याने, शुभंकरने, फोनवर सांगितल्या,
बाकीच्या मी आपटत-धोपटत.

आधी नुसता 'म' पाठवून पाहिला.
वाटेत त्याचं झालं
टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए ई.
एका अक्षराला प्रवासाला निघताना
एवढे कपडे घालावे लागतात,
हे मला पन्नाशीत कळलं.
उत्तर आलं ते कंसात कंस, त्यात पुन्हा कंस.
नारळासारखं सोलत गेले,
आत वाटीभर अर्थ.

मग एक अट घातली: शब्द नसेल
तर कोलमडू नकोस,
'सापडला नाही' म्हण आणि पुढच्याची वाट बघ.
'पावणी' दिला. सापडला नाही.
'पोंय' दिला. सापडला नाही.
किती सभ्यपणे म्हणतो! मला जरा गंमतच वाटली.

चाळीस ओळी झाल्या.
तिन्हीसांजेला वहीतलं पुढचं वाक्य:
'मानस मोडली, तीन शेतं खारी झाली.'
'मानस' दिला.
अर्ध्या सेकंदात, हसतमुखाने:
मन. चित्त. हेतू. हिमालयापलीकडचं एक सरोवर.

तांबडी ओळ नाही, तक्रार नाही.
आणि इथे खिडकीतून मानस दिसतेय मला,
खाजनाच्या बांदात बसवलेली, लाकडी फळ्यांची,
भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी,
जिच्या तोंडाशी जाळं लावून
सांतान फुर्ताद विडी ओढत बसतो.

नसलेल्या शब्दासाठी अट लिहिता येते.
असून दुसराच निघालेल्यासाठी काय लिहायचं?
शुभंकर म्हणाला, "मावशी, तो एरर नाहीच."

गेल्या पावसात मी सांतानला विचारलं होतं,
रात्री ती बंद करायला कोण जातं रे?
"कोण कित्याक वचपाक जाय? दार आपशींच धांपता,
भायलें उदक जड जालें की."

कोशाचा अर्थ ठेवून वाक्य पुन्हा वाचलं:
मन मोडलं, तीन शेतं खारी झाली.
खोडणार होते.
थोडा वेळ तसंच ठेवलं.

मग एक्केचाळिसावी ओळ लिहिली:
शब्द 'मानस' असेल, तर सर्व्हरकडे जाऊ नकोस,
सांतानला विचार.

त्याला फोन लावला. वाजत राहिला.
ओहोट लागली असणार.